पाचवीची पायरी : पेडण्यातील इंग्रजी वाचनाचा इतिहास

महाभारत लिहून घेण्यासाठी व्यासांनी गणपतीला बोलावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गणपतीने अट घातली, की लेखणी एकदा चालू झाली म्हणजे थांबणार नाही. व्यासांनीही उलट अट घातली, की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. मग व्यास मधूनच एखादा अवघड श्लोक घालत, गणपती क्षणभर विचारात पडे आणि तेवढ्या वेळात व्यास पुढचे श्लोक रचून ठेवत. कथा सांगताना आपल्याला गणपतीचा वेग आठवतो. व्यासांची अट मात्र आपण विसरतो. विद्येच्या देवालासुद्धा जिथे अर्थासाठी थांबावे लागले, तिथे आपल्या पाचवीतल्या मुलांना आपण थांबू देतो का, हा प्रश्न घेऊन मी यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आहे.

मी शिक्षक नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला माणूस आहे. माझे सारे आयुष्य पार्से, पेडणे, म्हापसा आणि पणजी एवढ्यातच गेले. पण माझी मुलगी पाचवीत गेली, तिने विज्ञानाचे पुस्तक घडाघडा वाचून दाखवले आणि अर्थ विचारल्यावर ती गप्प झाली, तेव्हा मला माझी स्वतःची पाचवी आठवली. मग गावातल्या निवृत्त मास्तरांशी बोललो, जुनी पुस्तके चाळली. इंग्रजीतून माहितीचे वाचन आपल्या भागात कसे आले, कसे शिकवले गेले आणि कुठे अडले, याची ही हकीकत आहे.

पंतोजींची शाळा

पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ साली. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे गेली होती. या मुलखाला नव्या काबिजादी म्हणत. राज्य पोर्तुगिजांचे झाले तरी घरातली पोथी, देवळातले कीर्तन, जमाखर्चाची वही आणि सोयरिकीची पत्रे मराठीतच राहिली. सरकारी शाळा पोर्तुगेज भाषेच्या आणि त्याही थोड्या. त्यामुळे गावच्या मुलांना अक्षर शिकवले ते पंतोजींनी. एखाद्या सधन घराच्या ओटीवर किंवा देवळाच्या मंडपात शाळा भरे. पंतोजी बहुधा घाटावरून नाहीतर सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडून आलेले असत. धुळाक्षरे, मोडी, पाढे, उजळणी आणि परवचा एवढा अभ्यासक्रम. पगार धान्यात, जेवण वाराने.

या शाळेने आपल्याला अक्षर दिले, हे तिचे फार मोठे उपकार आहेत. पण तिथल्या वाचनाची रीत काय होती ते पाहण्यासारखे आहे. वाचन म्हणजे मोठ्याने वाचन. पोथी एकाने वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची, अर्थ सांगायचा तो पुराणिकबुवांनी. वाचणारा वेगळा आणि अर्थ सांगणारा वेगळा, अशी ही वाटणी होती. पोथीच्या बाबतीत त्याने बिघडत नव्हते, कारण कथा सर्वांना आधीच ठाऊक असे. पण हीच रीत पुढे आपण इंग्रजीला लावली. मुलाने वाचायचे आणि अर्थ सरांनी सांगायचा. तिथे मात्र कथा कुणालाच आधी ठाऊक नव्हती.

१९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना शिक्षणाची व संस्था काढण्याची मोकळीक मिळाली. त्याच्या आगेमागे ठिकठिकाणी मराठी शाळा निघाल्या. पणजीत घरोघरी मूठ मूठ तांदूळ गोळा करून शाळा चालवणारी मुष्टिफंड संस्था १९०८ ची. तांदळाच्या मुठीवर शाळा चालवणाऱ्या त्या माणसांची आठवण आज लाखांच्या देणग्यांचे आकडे ऐकताना जरूर ठेवावी.

इंग्रजीची वाट मुंबईला

पोर्तुगिजांच्या राज्यात इंग्रजी कशाला, असे आजच्या मुलांना वाटेल. सरकारी नोकरीला पोर्तुगेज लागे. 'प्रिमैर ग्राव', 'सेगुंद ग्राव' या परीक्षा देऊन पुढे पणजीच्या लिसेवमध्ये जायचे, ही त्या काळची सरकारी वाट. हे लिसेव १८५४ चे. पण अशा नोकऱ्या किती आणि त्या मिळणार कुणाला? पोट होते मुंबईत. गिरणी, गोदी, आगबोट, रेल्वे आणि पेढ्या सारे तिकडे. आणि मुंबईचा कारभार इंग्रजीत चाले. म्हणून गोव्यातल्या माणसाने पोर्तुगेज राज्यात राहून इंग्रजी शिकायला घेतली. शेजारच्या बार्देशात हडफडे येथे फादर विल्यम लायन्स यांनी १८८७ साली सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा काढली. गोव्यातल्या इंग्रजी शाळांची सुरुवात तिच्यापासून धरतात. पेडण्यातल्या ज्यांना जमत होते ते सावंतवाडीला, बेळगावला किंवा थेट मुंबईला नातेवाइकाच्या खोलीत राहून मॅट्रिक होत.

म्हणजे आपल्याकडे इंग्रजी आली ती राज्यकर्त्यांनी लादली म्हणून नव्हे, तर गरजेपोटी. ती गरजही फार ठोस होती. पत्र वाचता आले पाहिजे, बिलाची पावती, गिरणीची नोटीस, बोटीचे वेळापत्रक वाचता आले पाहिजे. काव्य किंवा नाटक नव्हे, माहिती वाचायची होती. शाळेत मात्र जे शिकवले गेले ते याहून वेगळेच.

पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री

मराठी माणसासाठी इंग्रजी आणि माहिती यांची सांगड घालणारा पहिला मोठा माणूस आपल्या शेजारचाच. बाळशास्त्री जांभेकर सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. मराठीतले पहिले वृत्तपत्र म्हणून आपण त्याचा गौरव करतो. पण त्याच्या पानाची रचना फार थोड्यांच्या लक्षात असते. पानावर दोन स्तंभ होते. एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी. बातमी तीच. ज्याला एक भाषा येते त्याने दुसरीकडे नजर टाकावी, अडले तर परत यावे. १८४० साली त्यांनी 'दिग्दर्शन' मासिक काढले. त्यात भूगोल, इतिहास, विज्ञान अशा विषयांवर मजकूर असे. आधी आपल्या भाषेत ज्ञान आणि त्याच्या शेजारी इंग्रजी, हा बाळशास्त्रींचा मार्ग. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा आणि मोल्सवर्थ-कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. म्हणजे साधने तयार होत होती.

पुढे शाळांत जी रीत रुजली ती भाषांतराची. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आपल्या आजोबांच्या पिढीने पाठ केली. सुट्या सुट्या वाक्यांचे इंग्रजीचे मराठी आणि मराठीचे इंग्रजी करायचे. तिला आज नावे ठेवण्याची पद्धत आहे, पण मी ठेवणार नाही. शब्द कुठे बसतो, क्रियापद कुठे येते, हे त्या पिढीला पक्के कळत होते. आमच्या गावचे एक म्हातारे गृहस्थ तर्खडकर शिकलेले होते. त्यांचे इंग्रजी बोलणे अडखळते, पण कोर्टाचा कागद ते बरोबर लावत. उणीव होती ती दुसरी. वाक्ये सुटी होती. दहा वाक्ये मिळून एक मुद्दा कसा बनतो, दुसरा परिच्छेद पहिल्याला धरून कसा चालतो, हे त्यात येत नव्हते. माहितीचे पुस्तक वाचायला हेच तर लागते.

ढाक्याच्या मास्तरांचा विचार

या प्रश्नाचा मुळापासून विचार केला तो आपल्यापासून दूर, बंगालमध्ये. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्यात होते. १९२६ साली त्यांचा बंगालमधील द्विभाषिकतेवरचा अहवाल निघाला. त्यांचे म्हणणे असे, की बंगाली मुलाला इंग्रजी बोलायचे प्रसंग थोडेच येणार आहेत. त्याला खरी गरज आहे ती इंग्रजी पुस्तकातून माहिती काढण्याची, कारण विज्ञानाची, धंद्याची, आरोग्याची पुस्तके त्याच्या भाषेत पुरेशी नाहीत. म्हणून आधी वाचन शिकवा, आणि तेही मनातल्या मनात, अर्थासाठी केलेले वाचन.

वेस्ट यांनी एक शब्द वापरला तो सरकारी नोकराला लगेच कळेल, 'सरेंडर व्हॅल्यू'. विम्याची पॉलिसी मध्येच सोडली तर हातात किती पैसे येतात, ती ही रक्कम. त्यांनी विचारले, की मूल चौथीत किंवा सहावीत शाळा सोडून गेले तर त्याच्या इंग्रजीची सरेंडर व्हॅल्यू किती? व्याकरणाचे अर्धवट नियम आणि चार पाठ केलेल्या कविता घेऊन गेले तर हातात शून्य. साधा मजकूर वाचून समजण्याइतके शिकले असेल, तर ते आयुष्यभर कामाला येते. त्या काळात शाळा मध्येच सोडणारी मुले बंगालमध्ये होती तशीच पेडण्यातही होती, म्हणून हा प्रश्न मला आपलाच वाटतो. वेस्ट यांनी पुढे वाचनमाला तयार केल्या. एका पानावर थोडेच नवे शब्द आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा, ही त्यांची रीत. नेहमी लागणाऱ्या सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची त्यांची यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली.

आपल्या देशात दुसरा मोठा प्रयोग १९७९ ते १९८४ या काळात बेंगळुरू, मद्रास आणि आसपासच्या काही शाळांत झाला. एन. एस. प्रभू यांनी तो चालवला. इंग्रजीच्या तासाला व्याकरण न शिकवता मुलांना रेल्वेचे वेळापत्रक, गावाचा नकाशा किंवा तक्ता द्यायचा आणि प्रश्न सोडवायला लावायचा. कोणती गाडी पकडली तर वेळेत पोहोचू? बाजारातून शाळेकडे जायला कोणता रस्ता? उत्तर काढायच्या नादात मूल इंग्रजी वाचते आणि समजूनही घेते. मुंबईला निघालेल्या आपल्या पणजोबांना बोटीच्या वेळापत्रकासाठी जे इंग्रजी लागत होते, ते शाळेत यायला एवढी वर्षे लागली.

मुक्तीनंतर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २० डिसेंबर १९६३ रोजी भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. आमच्या आईवडिलांच्या पिढीला शाळेचे दार दिसले ते तेव्हा. बहुजन समाजातल्या मुली पाटी घेऊन शाळेत जाऊ लागल्या, ही पेडण्याच्या इतिहासातली फार मोठी घटना. पुढे १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली, गोवा वेगळा राहिला. दहावीच्या परीक्षेसाठी आधी पुण्याच्या बोर्डाकडे पाहावे लागे, १९७५ साली गोव्याचे स्वतःचे बोर्ड झाले.

या साऱ्यात शिक्षणाची एक घडी बसली. पहिली ते चौथी मराठी किंवा कोकणी आणि पाचवीपासून बहुतेक हायस्कुलांत इंग्रजी माध्यम. महाराष्ट्रात असे नव्हते. तिथे इंग्रजी हा एक विषय. तो कधी आठवीपासून, कधी पाचवीपासून आणि २००० सालापासून पहिलीपासून. पण इतिहास, भूगोल, विज्ञान मराठीतून. आपल्याकडे मात्र चौथीचा निकाल घेऊन मूल बाहेर पडले, मे महिना गेला आणि जूनमध्ये सगळे विषय इंग्रजीतून. एका सुट्टीत शिक्षणाची भाषा बदलली. या पायरीला मी पाचवीची पायरी म्हणतो. पेडणे, डिचोली, सत्तरीतली आमची पिढी या पायरीवर ठेचकाळली. कुणी सावरले, कुणी तिथेच बसले.

प्राथमिक शाळेचे माध्यम कोणते असावे यावर १९९० साली आणि पुन्हा २०११ साली गोव्यात केवढे वादळ झाले ते वाचकांना आठवत असेल. मी सरकारी नोकर, त्या वादात शिरत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की माध्यम कोणतेही असो, पाचवीतल्या मुलापुढचे काम तेच असते. न येणाऱ्या भाषेत, न ठाऊक असलेल्या विषयाचा मजकूर वाचायचा आणि समजून घ्यायचा. हे काम कसे करायचे, ते त्या वादात फार थोड्यांनी सांगितले.

बाबांचा कागद

इथे थोडे घरचे सांगतो. मी नववीत होतो. इंग्रजीत मला बरे गुण पडत आणि त्याचा बाबांना अभिमान होता. बाबा मराठी चौथी शिकलेले. एक दिवस एका कार्यालयातून इंग्रजी पत्र आले. बाबांनी ते माझ्या हातात दिले. म्हणाले, "वाच आनी म्हाका सांग, कितें बरयलां तें." मी उभा राहून शाळेत वाचतात तसे खणखणीत वाचले. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. वाचून झाल्यावर बाबांनी विचारले, म्हणजे काय?

मला शब्द कळत होते. जमीन, नाव, तीस दिवस. पण 'फेलिंग व्हिच' या दोन शब्दांशी मी अडलो. 'फेल' म्हणजे नापास, हे मला ठाऊक होते. तिथे नापास कोण होतो ते कळेना. कळत नाही असे म्हणायची मला लाज वाटली. मी सांगितले, काही नाही, नुसते कळवले आहे. बाबांनी घडी करून पत्र फळीवर ठेवले.

त्याचा अर्थ असा होता, की तीस दिवसांत हरकत घेतली नाही तर तुमचे काही म्हणणे नाही असे धरले जाईल. तीस दिवस गेले. एक-चौदाच्या उताऱ्यावरची नोंद जशी व्हायला नको होती तशी झाली आणि ती दुरुस्त करायला बाबांना किती वर्षे हेलपाटे घालावे लागले ते मी पाहिले. बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. उलट शेजाऱ्यांना सांगत, पत्र उशिरा मिळाले. आज माझ्यासमोर कुणी म्हातारा माणूस इंग्रजी कागद घेऊन उभा राहिला, की मी हातातले काम बाजूला ठेवतो. त्याच्याबरोबर बहुधा नातू असतो. नातवाने तो कागद वाचलेला असतो.

माझे गुण खोटे नव्हते. मी जे शिकलो होतो त्याचेच ते गुण होते. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, त्या शब्दाच्या मागची-पुढची ओळ उतरून काढायची, की उत्तर बरोबर. धडा न समजता पाचपैकी चार गुण मिळवण्याची ती कला आम्ही साऱ्यांनी साधली होती.

गोष्ट आणि माहिती

इंग्रजीच्या पुस्तकात गोष्टी जास्त असतात. गोष्ट वाचणे सोपे. कोल्हा आहे, द्राक्षे आहेत, पुढे काय होणार याचा अंदाज येतो, चार शब्द अडले तरी गाडी चालते. माहितीच्या मजकुराला अशी ओढ नसते. तिथे वाक्यामागून वाक्य कारणाने जोडलेले असते. 'बिकॉज', 'ऑल्दो', 'अनलेस', 'देअरफोर' हे शब्द दिसायला लहान, पण सारा अर्थ त्यांच्यावर टांगलेला. मुले मोठ्या शब्दांचे अर्थ पाठ करतात आणि घसरतात ती या लहान शब्दांवर. शिवाय मराठीत आपण आधी कारण सांगतो आणि क्रियापद शेवटी आणतो. इंग्रजीत क्रियापद लवकर येते आणि कारण पुष्कळदा मागून. मुलाला ही उलटापालट कुणीतरी दाखवावी लागते.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत नेल ड्यूक या संशोधिकेने पहिलीचे वीस वर्ग पाहून २००० साली लिहिले, की माहितीच्या मजकुरावर तिथे दिवसाला सरासरी ३.६ मिनिटे खर्च होतात. ज्यांची घरची भाषाच इंग्रजी आहे त्यांची ही स्थिती.

आणखी एक गैरसमज. मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावरची मुले परदेशी पाहुण्यांशी झकास इंग्रजी बोलतात. आईबापांना वाटते, मुलाला इंग्रजी आले. तेच मूल भूगोलाच्या धड्यापुढे अडते आणि मग आपण त्याला आळशी ठरवतो. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हा फरक मांडला आहे. बोलण्याची भाषा दोनेक वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. पाचवीतल्या मुलाला आपण जूनचा एक महिना देतो.

कमिन्स यांनी दुसरीही गोष्ट सांगितली. पहिल्या भाषेत जे पक्के समजलेले असते ते दुसऱ्या भाषेत वाया जात नाही, खालून आधार देते. याचे उदाहरण आपल्या हाताशी आहे. आगरवाड्याची मिठागरे पाहा. तिथल्या मुलाने लहानपणापासून पाहिले आहे, की खाडीचे पाणी कोंडीत घेतात, उन्हात ते आटते आणि मीठ धरते. त्याच मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'इव्हॅपोरेशन' येते आणि तो स्पेलिंग पाठ करत बसतो. हे तुमच्या आगरातलेच आहे, असे कुणी त्याला सांगितले, की धडा निम्मा सुटतो. अमेरिकेत १९८८ साली एक छान प्रयोग झाला. बेसबॉलच्या सामन्याचा मजकूर ६४ मुलांना दिला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्या मुलांना क्रिकेटवरचा किंवा दशावतारावरचा इंग्रजी मजकूर देऊन पाहावा, हाच अनुभव येईल.

घरी आणि मंडळात काय करता येईल

आता उपाय. मी स्वतः मुलीबरोबर जे करतो तेवढेच सांगतो. त्यात माझे स्वतःचे काही नाही. १९८४ साली पॅलिंक्सर आणि ब्राऊन या दोन अमेरिकी विदुषींनी वाचनाच्या चार सवयी सांगितल्या, त्याच घरगुती रूपात वापरतो.

धडा उघडला की आधी वाचायचा नाही. मथळा, चित्रे आणि चित्राखालच्या ओळी पाहायच्या आणि धड्यात काय असेल ते मराठीत सांगायचे. मग एक परिच्छेद मनात वाचायचा. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची, पण लगेच अर्थ विचारायचा नाही, पुढच्या दोन ओळी वाचून अंदाज करायचा. परिच्छेद संपला की त्यावर मला एक प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न असा की ज्याचे उत्तर एका ओळीत उतरून काढता येणार नाही. शेवटी पुस्तक मिटून तोच परिच्छेद दोन वाक्यांत सांगायचा, आपल्या भाषेत. हे शेवटचे फार महत्त्वाचे. अर्थ समजला की नाही, ते मुलाच्या स्वतःच्या भाषेतच कळते. इंग्रजीत विचारले तर ते पुस्तकातलीच ओळ परत देईल.

सुरुवातीला एका पानाला पाऊण तास लागला. मला घाई होती, तिला कंटाळा होता आणि आई म्हणत होती की पोरीला जेवू तरी दे. दोन-तीन महिन्यांनी एक दिवस तिनेच विचारले, "बाबा, इथे 'अनलेस' कशाला आलाय?" त्या दिवशी मला बाबांच्या पत्राची आठवण झाली.

शाळेतल्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. वर्गात मुले अनेक, वेळ थोडा, पोर्शन पुरा करायचा. म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे. चवथीनंतर आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळाच्या खोलीत पाचवी ते सातवीच्या मुलांना घेऊन बसावे. शिकवणी नव्हे, नुसते वाचन. औषधाच्या बाटलीवरचा कागद, विजेचे बिल, कोकण रेल्वेचे वेळापत्रक, बँकेचा फॉर्म, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि शाळेचे पुस्तक. बाळशास्त्रींसारखे दोन स्तंभ करावेत, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मुलाने स्वतः लिहिलेले मराठी. गावात निवृत्त शिक्षक आहेत, कॉलेजात जाणारी मुले आहेत, माझ्यासारखे कारकुनी कागद वाचून डोळे गेलेले नोकर आहेत. बुधवारची संध्याकाळ माझी, हे मी इथे लिहूनच देतो. खर्च काही नाही. मुष्टिफंडाला निदान तांदूळ तरी लागत होते.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक सांगणे. नातू इंग्रजी घडाघडा वाचत असेल तर कौतुक जरूर करा, पण त्याला एकदा "म्हणजे काय रे?" असे विचारा. त्याला येत नसेल तर रागावू नका. 'मला कळले नाही' असे म्हणायला त्याला लाज वाटणार नाही, असे घर ठेवा. मला त्या दिवशी लाज वाटली नसती, तर बाबांनी पत्र फळीवर ठेवले नसते. दुसऱ्या दिवशी ते कुणाकडून तरी वाचून घेतले असते.

यंदा माटोळी बांधताना आणि आरत्या म्हणताना व्यासांची ती अट आठवू या. आरतीतल्या किती ओळींचा अर्थ आपल्याला येतो, तेही एकदा मुलांना विचारून पाहू. सुरुवात तिथूनही करता येईल.

गणपती बाप्पा मोरया!